आईचे गुडघे, महिन्याला ३,२०० रुपयांची सप्लिमेंट्स आणि त्यातलं खरं किती

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६१, वजन ७८ किलो, दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून दुखतायत, जिना उतरताना जास्त, एक्स-रे काढला तेव्हा "गॅप आहे" असं सांगितलं, आणि आता मावशीने पाठवलेल्या यादीप्रमाणे ग्लुकोसामाइन, कोलाजेन पावडर, हळदीच्या कॅप्सूल आणि फिश ऑइल असं सगळं मागवलं तर महिन्याला ३,२०० रुपये होतात. याने सांधे खरंच सुधारतात का, सूज उतरते का, आणि अपाय तर नाही ना, एवढं तुम्हाला हवंय. मी गेली २३ वर्षं नाशिकला संधिवाताचे पेशंट बघते, आणि हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी समोर येतोच, कधी कधी पिशवीतून डबे काढून टेबलावर ओळीने मांडले जातात आणि "मॅडम, यातलं कुठलं घेऊ" असं विचारतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. झिजलेला गुडघा यातल्या कशानेही भरून येत नाही. दुखणं काही जणांचं थोडं कमी होतं, त्यात हळदीचा अर्क आणि शल्लकी (सालईच्या डिंकाचा अर्क, तो तुमच्या यादीत नाही) यांच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे, ग्लुकोसामाइनचा कमजोर आहे, फिश ऑइल कामाचं आहे पण वेगळ्याच आजारात आणि वेगळ्याच डोसमध्ये. आणि यादीतली चारही एकदम चालू करणं मला अजिबात पटत नाही, का ते पुढे सांगते.

पण त्याच्याही आधी तो "गॅप". आपल्याकडे सगळे म्हणतात गुडघ्यात गॅप पडलाय, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हाडं एकमेकांपासून लांब गेलीत, मध्ये पोकळी झालीय, ती काहीतरी खाऊन भरायची. खरं उलटं आहे. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसत नाही, म्हणून दोन हाडांच्या मध्ये जी काळी फट दिसते ती म्हणजे कूर्चेची जागा, आणि कूर्चा झिजली की ती फट कमी होते, हाडं जवळ येतात. तेव्हा आईंच्या गुडघ्यातला गॅप वाढलेला नाही, कमी झालाय. हे समजलं की "गॅप भरणारी पावडर" या जाहिरातीतला अर्धा जोर तिथेच जातो. तसंच ते "वंगण संपलं". सांध्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरं, पण डिंकाचा लाडू खाल्ला म्हणून डिंकाचा चिकटपणा गुडघ्यात उतरत नाही, तो आधी पोटात पचतो. लाडू हिवाळ्यात खावा, चांगला लागतो, पण ७८ किलो वजनाला तूप-गुळाचे रोजचे दोन लाडू हे गुडघ्यावरचं औषध म्हणून देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सांधेदुखी हा एक आजार नाही. आईंना जे वाटतंय ते वर्णनावरून झिजेचं, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचं दिसतं: वय, वजन, जिना उतरताना दुखणं, बसून उठलं की पाच-दहा मिनिटं आखडणं आणि मग चालायला लागलं की मोकळं होणं. पण त्यांना हे नक्की विचारा की सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडतात का, मूठ वळायला किती वेळ लागतो, अर्धा तास, तासभर? बोटांची मधली पेरं किंवा मनगटं सुजतात का, दोन्ही हातांची? सोबत थकवा, बारीक ताप? असं असेल तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो आणि त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते. तिथली सूज आणि झिजेच्या गुडघ्यातली सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "सूज कमी करणारं" असं डब्यावर लिहिलेलं असतं तेव्हा कुठली सूज ते कोणीच सांगत नाही. शिवाय युरिक अ‍ॅसिडचा गाऊट आहे, सोरायसिससोबत येणारा आहे, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आहे, २००६ च्या साथीनंतर तर मी असे पेशंट वर्ष-वर्ष बघितलेत. प्रत्येकाचं औषध निराळं.

हे एवढं ताणून सांगतेय कारण एक सिन्नरकडची काकू आजही डोळ्यांसमोर आहे, वय ४४, शेतात कांदा काढायला जाणारी. बोटं सुजायला लागली तेव्हा कोणीतरी कोलाजेन आणि एक हर्बल कॅप्सूल दिली, जाहिरातीत "सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर" लिहिलेलं, तिने इमानदारीत आठ महिने घेतली, पैसे उसने घेऊन. माझ्याकडे आली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकडी व्हायला लागलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची रक्ताची टेस्ट, भरपूर पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, चार महिन्यांत सूज उतरली, आता ती पुन्हा कामाला जाते, पण वाकलेली बोटं वाकलेलीच राहिली. त्या आठ महिन्यांत कॅप्सूलने तिला काही इजा केली नाही, इजा झाली ती वेळ गेल्याने. आमवातात पहिले काही महिने सोन्यासारखे असतात, ते सप्लिमेंटवर घालवायचे नसतात. म्हणून ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, युरिक अ‍ॅसिड या रक्ताच्या तपासण्यांतलं काय लागेल ते डॉक्टर बोटं दाबून बघून ठरवतील, एकदा तेवढं करून घ्या. एकच सांगते, नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका, तो निरोगी म्हाताऱ्या माणसांतही येतो.

समजा तपासलं आणि झीजच निघाली. मग एकेक डबा घेऊ.

ग्लुकोसामाइन. हे खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढतात, म्हणजे शाकाहारी घरात आधी हे माहीत असावं, काही कंपन्या मक्यापासूनचं पण बनवतात. विचार असा की कूर्चा ज्या पदार्थांपासून बनते त्यातलाच हा एक, तो बाहेरून दिला तर कूर्चेला कच्चा माल मिळेल. ऐकायला पटतं, पण माणसांवर करून बघितलं तेव्हा काय झालं ते बघा. अमेरिकेत सरकारी पैशावर १,५८३ गुडघेदुखीच्या पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २००६ मध्ये छापून आली, गेट ट्रायल म्हणून ओळखतात. काहींना ग्लुकोसामाइन १,५०० मिलिग्रॅम, काहींना कॉन्ड्रॉइटिन, काहींना दोन्ही, काहींना सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि काहींना दिसायला तशीच पण आत काहीच नसलेली गोळी. सहा महिन्यांनी दुखणं निदान २० टक्के कमी झालेले किती? सेलेकॉक्सिबवर शंभरातले ७०, ग्लुकोसामाइनवर ६४, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ६६-६७. आणि खोट्या गोळीवर? ६०.

हा ६० चा आकडा नीट मनात ठेवा. म्हणजे तुमच्या शेजारच्या काकू जेव्हा छातीठोकपणे सांगतात की "मला फरक पडला" तेव्हा त्या खोटं बोलत नसतात, खरंच पडलेला असतो, पण काहीच नसलेल्या गोळीनेही शंभरात साठ जणांना पडतो. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं, माणूस औषध चालू करतो ते दुखणं सगळ्यात जास्त असताना, मग ते उतरणारच होतं ते उतरतं, आणि श्रेय डब्याला जातं. त्याच ट्रायलमध्ये ज्यांचं दुखणं जास्त होतं त्या छोट्या गटात दोन्ही एकत्र घेतल्यावर ७९ विरुद्ध ५४ असा चांगला फरक दिसला होता, कंपन्या नेमकं तेवढंच वाक्य उचलतात, पण तो गट लहान होता आणि नंतर त्याला भक्कम दुजोरा मिळाला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, कॉन्ड्रॉइटिनला फक्त हाताच्या बोटांच्या झिजेसाठी थोडी जागा ठेवलीय. युरोपात मात्र एका तज्ज्ञ गटाची शिफारस अजूनही ग्लुकोसामाइन सल्फेटच्या बाजूने आहे, तेही औषध म्हणून मिळणाऱ्या विशिष्ट प्रतीच्या. म्हणजे वाद आहे, पण वाद कशावर, तर थोडा फायदा की शून्य यावर. झीज भरून येते असं कोणीच म्हणत नाही. आधीपासून कोणी घेत असेल आणि बरं वाटत असेल तर मी बंद करायला लावत नाही, नव्याने मात्र लिहून देत नाही. आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा तशाच जातीची निकौमॅलोनची गोळी चालू असेल तर ग्लुकोसामाइन डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही, आयएनआर वाढू शकतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं.

हळद. याबद्दल आपल्याला जिव्हाळा आहेच, १९९५ ला अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही आपली सरकारी संशोधन संस्था भांडली आणि १९९७ ला ते रद्द करायला लावलं, ते वाचून मला आजही अभिमान वाटतो. पण भाजीतली हळद आणि ट्रायलमधली हळद यात अंतर आहे. हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के, वायगावच्या हळदीत त्याहून जास्त असतं. म्हणजे एक चमचा, अंदाजे ३ ग्रॅम हळद खाल्ली तर ९०-१०० मिलिग्रॅम कुरकुमिन, आणि तेही आतड्यातून फारसं रक्तात जातच नाही. मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर कितीतरी पट जास्त शोषलं जातं हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, म्हणून आता बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरी असते. हळदीचं दूध चांगलंच, पण त्याने गुडघ्याला ट्रायलइतका डोस मिळत नाही.

अर्काचं म्हणाल तर थायलंडमध्ये ३६७ पेशंटवर रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क विरुद्ध १,२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक असं चार आठवडे बघितलं, २०१४ ला छापलं, दुखण्यात हळद आयब्युप्रोफेनच्या तोडीस तोड निघाली. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला ७० जणांवर १२ आठवड्यांची ट्रायल झाली, २०२० ला आली, आणि ती मला जास्त शिकवणारी वाटते: ज्यांच्या गुडघ्यात पाणी आणि सूज होती असेच पेशंट घेतले, हळदीच्या गटात दुखणं शंभराच्या पट्टीवर खोट्या गोळीपेक्षा ९ ने जास्त कमी झालं, पण एमआरआयमध्ये सूज मोजली तर तिच्यात काही फरक नव्हता. म्हणजे दुखणं कमी झालं, सूज तेवढीच. तुमचा प्रश्न "सूज उतरते का" असा होता ना, त्याचं इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे क्वचित मिळतं. तरी आईंना अ‍ॅसिडिटी किंवा बीपी असेल आणि वेदनाशामक गोळ्या सोसत नसतील तर हळदीचा अर्क बारा आठवडे करून बघायला माझी हरकत नाही. फक्त लिव्हरचं ध्यान ठेवायचं, कारण मिरी घातलेल्या जास्त शोषल्या जाणाऱ्या कुरकुमिनमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस अमेरिकेत आणि इतरत्र नोंदल्या गेल्यात, थोड्या आहेत पण गंभीर आहेत. भूक गेली, लघवी गर्द पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अंग खाजलं तर त्याच दिवशी बंद. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल-अ‍ॅस्पिरिन चालू असेल, मोतीबिंदूचं का होईना ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगायचं.

शल्लकी म्हणजे आपलं सालईचं झाड, सातपुड्यात, मेळघाटात उघड्या खडकाळ टेकड्यांवर कागदासारखी साल सुटलेलं दिसतं ते. त्याचा डिंक धूप म्हणून जाळतात, त्याच डिंकाचा अर्क. नागपूरच्या इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजमध्ये ३० गुडघ्यांच्या पेशंटवर याची ट्रायल झाली होती, २००३ ला प्रसिद्ध झाली, आधी आठ आठवडे औषध मग खोटी गोळी, दुसऱ्या गटात उलट, आणि दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं, एक्स-रेत मात्र काही बदललं नाही. त्यानंतर बऱ्याच छोट्या ट्रायल झाल्या, बहुतेक शल्लकीच्या बाजूने, पण बऱ्याचशा कंपन्यांच्याच पैशावर. मला स्वतःला या सगळ्यातून एकच निवडायला सांगितलं तर मी शल्लकी निवडीन, पोटाला बऱ्यापैकी सोसते आणि महाग नाही.

पुण्याचं एक काम सांगायलाच हवं कारण ते आपल्या मातीतलं आहे. सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा, ज्यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, त्यांच्या टीमने ४४० गुडघेदुखीच्या पेशंटवर सुंठ, गुळवेल वगैरेंची आयुर्वेदिक मिश्रणं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब अशी २४ आठवडे तुलना केली, २०१३ ला छापून आली. आयुर्वेदिक मिश्रणं सेलेकॉक्सिबच्या बरोबरीने उतरली, आणि त्याच प्रामाणिकपणे त्यांनी हेही लिहिलं की सात पेशंटचं एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं, औषध थांबवल्यावर नॉर्मल झालं. मला आयुर्वेदाचं असं काम मनापासून आवडतं, फायदा पण मोजला आणि अपाय पण मोजला. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी चालू झाला आणि मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा बराच गदारोळ झाला, पण एसजीपीटीची टेस्ट काही महाग नसते, दोन महिन्यांनी एकदा केली तर कोणाचंच काही बिघडत नाही.

फिश ऑइल. इथे मी तुम्हाला डबा हातात घ्यायला सांगते. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १००० मिलिग्रॅम. मागे फिरवा, बारीक अक्षरात बघा: ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं ओमेगा-३ ३०० मिलिग्रॅम, बाकीचं नुसतं तेल. आमवातात ज्या ट्रायलमध्ये सकाळचं आखडणं आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या कमी झाली, वेदनाशामक कमी लागली, तिथे डोस होता ईपीए-डीएचए मिळून दिवसाला अडीच-तीन ग्रॅम, तोही निदान तीन महिने. भागाकार करा, तुमच्या डब्यातल्या रोज नऊ-दहा कॅप्सूल! एक कॅप्सूल रोज घेऊन "फिश ऑइलने काही झालं नाही" म्हणणारे बरोबरच असतात, आणि मी जास्त डोस द्यायचा तर जास्त ताकदीची कॅप्सूल निवडून देते आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास आहे का ते आधी विचारते, कारण मोठ्या डोसला तो धोका थोडा वाढतो. आणि हे मेथोट्रेक्सेटच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. झिजेच्या गुडघ्यात मात्र ओमेगा-३ चं चित्र निराशाजनक आहे, अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या मोठ्या अभ्यासात गुडघेदुखीला फायदा दिसला नाही, आणि ऑस्ट्रेलियात २६२ जणांवर क्रिल ऑइलची (कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवांच्या ओमेगा-३ तेलाची) ट्रायल झाली, २०२४ ला आली, गुडघ्यात सूज असलेलेच पेशंट घेतलेले, सहा महिने, खोट्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. तुम्ही मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, रश्शातली, खोल तेलात तळलेली नको, हे मला कॅप्सूलपेक्षा जास्त आवडेल. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जरूर खा, मी स्वतः रोज खाते, पण जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचए मध्ये रूपांतर शरीरात फार थोडं होतं, खराच डोस हवा असेल तर शेवाळापासूनच्या कॅप्सूल मिळतात.

कोलाजेनवर फार वेळ घालवत नाही. पावडर १० ग्रॅमची असते ती पोटात पचून प्रोटीनचे तुकडे होतात, आणि ४० मिलिग्रॅमची छोटी कॅप्सूल येते ती टाइप-टू म्हणून वेगळी. दोन्हींच्या काही ट्रायलमध्ये दुखणं थोडं कमी झालेलं आहे, पण पैसा बहुतेक वेळा विकणाऱ्यांचा. १० ग्रॅम प्रोटीनच हवं असेल तर वाटीभर उसळ आणि ताक घ्या. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते कारण याने घरात भांडणं झालेली मी बघितलीत: कोलाजेन हे गाय-बैल, डुक्कर, कोंबडी किंवा मासे यांच्यापासूनच येतं. डब्यावर "व्हेज कोलाजेन" लिहिलेलं असेल तर त्यात कोलाजेन नसतं, व्हिटॅमिन सी आणि वनस्पतींचे अर्क असतात. एका जैन आजींना मुलाने प्रेमाने सहा महिने कोलाजेन पाजलं आणि नंतर डब्यावरचा मांसाहाराची खूण असलेला तपकिरी त्रिकोण कोणाच्या तरी लक्षात आला, त्या आजी माझ्यासमोर बसून रडल्या. घ्यायच्या आधी ती खूण बघा, आणि कॅप्सूलचं कवच पण बघा, ते बहुतेक जिलेटिनचं असतं.

व्हिटॅमिन डी. कमतरता आपल्याकडे भरपूर आहे, घरात राहणाऱ्या, अंग झाकून फिरणाऱ्या बायकांमध्ये तर खूपच, आणि फारच कमी असेल तर हाडं-स्नायू ठणकतात, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, त्याला भरून काढायलाच हवं. पण डी घेऊन गुडघ्याची झीज थांबते का, हे अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दोन-दोन वर्षांच्या ट्रायलमध्ये तपासलंय, थांबत नाही. आणि ते ६०,००० युनिटचं सॅशे! आठवड्यातून एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तसं. माझ्याकडे एक निवृत्त काका आले होते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, बोलण्यात गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं, १३.८, आणि किडनीचा त्रास दाखवणारं क्रिअ‍ॅटिनिनही वाढलेलं. मेडिकलवाल्याने पुडक्यावर काही लिहिलं नव्हतं, काकांनी रोज एक सॅशे दुधातून अडीच महिने घेतलं होतं. पंधरा दिवस अ‍ॅडमिट होते. व्हिटॅमिन म्हटलं की लोकांना वाटतं जास्त झालं तर शरीर टाकून देईल, डी टाकून दिलं जात नाही, साठतं.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. डब्यातल्या सप्लिमेंटपेक्षा ती बिनालेबलची पुडी किंवा काळ्या गोळ्या, कुठल्या तरी गावाहून दर महिन्याला कुरियरने येणाऱ्या, "तीन दिवसांत गुण". तीन दिवसांत गुडघा, कंबर, मान सगळं मोकळं होत असेल, भूक वाढली असेल, चेहरा भरल्यासारखा गोल दिसत असेल, शुगर अचानक वाढली असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत सुद्धा २०२२ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, आर्ट्री किंग नावाच्या सप्लिमेंटबद्दल इशारा दिला होता, लेबलवर ग्लुकोसामाइन आणि हळद, आत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक निघालं. आणि आई असं काही घेत असतील हे लक्षात आलं तर रागाच्या भरात पुडी फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर अचानक बंद केल्याने बीपी पडतं, माणूस कोसळतो. पुडीसकट डॉक्टरकडे या, हळूहळू उतरवावं लागतं.

दुकानातल्या डब्याचं एक साधं निरीक्षण: त्यावर एफएसएसएआयचा नंबर असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं असतं. ते खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे, आजार बरा करतो हे सिद्ध करून मिळालेली ती परवानगी नाही. समोर गुडघ्याचं चमकतं चित्र आणि मागे हे वाक्य, दोन्ही एकाच डब्यावर.

एवढं वाचूनही आईंना काहीतरी घेऊन बघायचंच असेल, आणि दुखण्यापुढे माणसाला काहीतरी करावंसं वाटतं हे मला कळतं, तर एकच निवडा. चार एकदम चालू केले आणि बरं वाटलं तर कशाने ते कळणार नाही, आणि अंगावर पित्त उठलं तरी कशाने ते कळणार नाही. कॅलेंडरवर चालू केल्याची तारीख टाका, आणि रोज रात्री दोन आकडे लिहा, आज दुखणं दहापैकी किती आणि वेदनाशामक किती गोळ्या लागल्या. जिन्याच्या किती पायऱ्यांनंतर थांबावं लागलं हेही लिहिलं तर फारच छान. बारा आठवड्यांनी पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा शेजारी ठेवा. दोन आकड्यांचा तरी फरक नसेल तर डबा बंद, पुन्हा मागवायचा नाही. आणि दर वेळी डॉक्टरकडे जाताना त्या डब्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, "साधी हर्बल गोळी आहे" असं म्हणून लपवू नका.

आईंसाठी त्या ३,२०० रुपयांचं मी काय करीन? पहिल्या महिन्यात चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या चार-पाच भेटी, कारण व्यायाम कागदावर बघून करता येत नाही, कोणीतरी हात धरून दाखवावा लागतो. डायक्लोफिनॅकचा जेल, दिवसातून तीनदा, गुडघ्याला याचा फायदा चांगला सिद्ध झालेला आहे आणि पोटावर-किडनीवर गोळीपेक्षा खूपच कमी ताण. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची. मांडी घालून जेवण आणि खाली बसून भाजी निवडणं सध्या बंद. आणि वजन. अमेरिकेत २००५ ला मोजून दाखवलंय की अंगाचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. आईंनी पाच किलो उतरवले तर पावलागणिक २० किलो, दिवसाची काही हजार पावलं धरा. चहातली साखर, संध्याकाळची फरसाण-खारी आणि रात्रीचा भात अर्धा, इथून सुरुवात केली तरी सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरलेल्या कितीतरी काकू मी बघितल्यात, आणि त्यांच्याकडून "गुडघा हलका झाला" हे शब्द ऐकायला मिळतात.

फिजिओची वेळ मिळेपर्यंत आजपासून एवढं करा. आईंना पलंगावर भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसवा. टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून एका गुडघ्याखाली ठेवा. गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, टाच किंचित उचलली जाईल, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट व्हायला हवा, तुम्ही स्वतः हात लावून बघा होतोय का. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, श्वास रोखायचा नाही, म्हणून मोठ्याने मोजायला सांगा. मग सोडायचं. एका पायाला दहा वेळा, मग दुसऱ्या, सकाळ-संध्याकाळ. पहिले चार-पाच दिवस मांडी भरून येईल, ते चालतं. गुडघा मात्र रात्री सुजला किंवा गरम लागला तर दोन दिवस थांबा आणि मग पाच-पाच वेळांपासून पुन्हा सुरू करा.